नाडी ५६, नाक बंद: सर्पगंधेच्या मुळामुळे बदललेल्या रक्तवाहिन्यांचं एक प्रकरण

शस्त्रक्रियेच्या दोन दिवस आधी तपासणीच्या खोलीत मी त्यांना विचारलं होतं, "काका, कुठल्या गोळ्या चालू आहेत?" त्यांनी शर्टाच्या खिशातून अम्लोडिपिन या रक्तदाबाच्या गोळीची पट्टी काढून दाखवली. पाच मिलिग्रॅम, रोज सकाळी एक. "आणखी काही?" "आणखी काही नाही." मी तसं लिहून घेतलं. उत्तर खरंच होतं, गोळी ते एकच घेत होते. प्रश्न मात्र अपुरा होता, आणि त्याची किंमत दोन दिवसांनी टेबलावर त्यांना मोजावी लागली.

मी भूलतज्ज्ञ आहे, उत्तर गोव्यात काम करते. हे प्रकरण रुग्णाच्या आणि त्यांच्या कुटुंबाच्या परवानगीने लिहिते आहे. ओळख पटेल असा तपशील वगळला आहे.

रुग्ण

डिचोली तालुक्यातले ६४ वर्षांचे गृहस्थ. उजव्या जांघेत हर्निया, डावीकडेही लहानसा. उजवीकडचा दुखत होता म्हणून तो आधी करायचा आणि चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) आत उरकायचा, असं घरात ठरलेलं. आयुष्यभर खनिज वाहतुकीचा धंदा, स्वतःचे दोन ट्रक. खाणी २०१२ साली थांबल्या, मध्ये काही काळ चालल्या, २०१८ मध्ये पुन्हा थांबल्या. ट्रक अंगणात उभे राहिले ते राहिलेच. रक्तदाबाचं निदान त्याच्या पुढच्या वर्षीचं.

तपासणीत रक्तदाब १२८/७६. नाडी मिनिटाला ५६, नियमित. ईसीजीत मंद ठोक्यांखेरीज काही नाही. हिमोग्लोबिन आणि क्रिएटिनिन ठीक, छाती स्वच्छ. बोलणं मात्र पूर्ण नाकात. नाक कधीपासून बंद आहे असं विचारल्यावर म्हणाले, "झाले की पाच-सहा महिने. रात्री थेंब टाकतो, एक थेंब टाकला की सकाळपर्यंत मोकळं." थेंब झायलोमेटाझोलिनचे होते, नाक मोकळं करणारे. आषाढ चालू होता. त्या दिवसांत गोव्यात भिंतींना बुरशी येते, कपाटातल्या चपलाही हिरव्या होतात, निम्म्या गावाची नाकं चोंदलेली असतात. मी नाकाचा विचार तिथेच सोडून दिला. सोबत आलेली सून सहज बोलून गेली होती, "हल्ली बोलतच नाहीत फारसे. आधी असे नव्हते." त्याचाही संबंध मी उभ्या ट्रकांशी जोडला.

मंद नाडी, चोंदलेलं नाक, थेंबाचा जरुरीपेक्षा मोठा गुण, मावळलेला स्वभाव. चारही खुणा एकाच दिशेला बोट दाखवत होत्या. मी प्रत्येकीला वेगळं कारण देऊन टाकलं.

टेबलावर

कमरेत तिसऱ्या-चौथ्या मणक्याच्या मधून ०.५ टक्के जड बुपिव्हाकेन हे भुलीचं औषध, २.८ मिलिलिटर. भूल उरोस्थीच्या खालच्या टोकापर्यंत चढली. हर्नियाला थोडी जास्तच, पण अनपेक्षित नव्हे. चौथ्या मिनिटाला रक्तदाब ८४/४६, नाडी ४८. पाठीतून भूल दिल्यावर दाब उतरतो, हे आमचं रोजचंच. सलाइन जोरात सोडलं आणि मेफेंटरमिन ६ मिलिग्रॅम शिरेतून दिलं. आपल्याकडच्या बहुतेक थिएटरांत पहिला हात याच औषधाकडे जातो, आणि दोन मिनिटांत दाब वर येतो.

आला नाही. पुन्हा ६ मिलिग्रॅम. दाब ८०/४४. नाडीसाठी अ‍ॅट्रोपिन ०.६ मिलिग्रॅम दिलं, ठोके ७४ वर गेले, दाब जागचा हलला नाही. तिसऱ्यांदा ६ मिलिग्रॅम, आता वेगळ्या अँप्युलमधून, कारण पहिलीच खराब असावी असं वाटलं. अकराव्या मिनिटाला ७०/३८. काका जांभया देऊ लागले, मळमळतंय म्हणाले. सर्जन चाकू बाजूला ठेवून थांबले होते.

मी दाब चढवणारं दुसरं औषध, फिनाइलएफ्रिन, काढलं आणि नेहमीचे १०० मायक्रोग्रॅम दिले. पुढच्या मोजणीत मॉनिटरवर १९८/१०४. काकांनी कपाळाला हात लावला, "डोकं ठणकतंय." नाडी ६० वर आली. पुढची सात-आठ मिनिटं काही न देता नुसतं बघत राहण्याखेरीज हातात काही नव्हतं. दाब सावकाश १३० च्या घरात आला. छातीत दुखलं नाही, ईसीजीची रेघ बदलली नाही. वीस मिनिटांनी दाब पुन्हा ८६ वर उतरला, तेव्हा मी अवघे २० मायक्रोग्रॅम दिले. १२६/७०. एवढ्याशा मात्रेला ६४ वर्षांच्या माणसाने असं उत्तर द्यावं, हे मी आधी कधी पाहिलं नव्हतं.

शस्त्रक्रिया पन्नास मिनिटांत नीट पार पडली. माझं लक्ष मात्र भुलीच्या कागदावर खिळलं होतं. एका औषधाचे तीन डोस वाया गेले होते आणि दुसऱ्याचा पाचवा हिस्सा पुरून उरला होता. दोन्ही औषधं शेवटी त्याच रक्तवाहिन्या आवळतात. मग एकाला त्या बहिऱ्या आणि दुसऱ्याला इतक्या हळव्या का?

दोन औषधं, दोन वाटा

याचं उत्तर औषधांच्या वाटेत आहे, म्हणून इथे थोडं थांबते.

लहान धमन्यांभोवती सिम्पथेटिक, म्हणजे नाडी आणि रक्तदाब चढवणाऱ्या, मज्जातंतूंचं जाळं असतं. त्या तंतूंच्या टोकांशी फुगवटे, फुगवट्यांत बारीक पुटिका, आणि पुटिकांत नॉरअ‍ॅड्रेनलिन हे संदेश नेणारं रसायन. वरून संदेश आला की पुटिका आपला माल बाहेर टाकतात. तो समोरच्या स्नायूपेशीवरच्या अल्फा-१ रिसेप्टरवर (संदेश झेलणाऱ्या प्रथिनावर) जाऊन बसतो, पेशीतलं कॅल्शियम वाढतं, वाहिनी आकसते. काम झाल्यावर बहुतेक नॉरअ‍ॅड्रेनलिन त्याच टोकात परत ओढलं जातं आणि पुन्हा पुटिकांत भरलं जातं. मळणीनंतर खळ्यावर सांडलेलं भात गोळा करून परत कणगीत टाकावं, तसा हा व्यवहार.

फिनाइलएफ्रिन या साठ्याच्या भानगडीत पडत नाही. ते रक्तातून येतं आणि थेट अल्फा-१ रिसेप्टरवर बसतं. मेफेंटरमिनचं बरंचसं काम आडवाटेने होतं. ते तंतूच्या टोकात शिरतं, तिथलं नॉरअ‍ॅड्रेनलिन बाहेर ढकलतं, आणि वाहिनी आवळण्याचं काम त्या नॉरअ‍ॅड्रेनलिनकडून होतं. एफेड्रिन काही अंशी तसंच. प्रयोगांत वापरलं जाणारं टायरामिन हे रसायन तर जवळजवळ पूर्णपणे तसं. कणगी भरलेली असेल तरच या औषधांच्या हाताला काही लागतं.

इथे पाठीतल्या भुलीबद्दल एक मुद्दा पुष्कळदा निसटतो. बुपिव्हाकेन मज्जारज्जूतून निघणारे तंतू गॅंग्लियनच्या (वाटेतल्या मज्जातंतूंच्या गाठीच्या) अलीकडे बंद करतं. वाहिनीपर्यंत जाणारा शेवटचा तंतू शाबूत असतो, त्याची कणगी भरलेली असते, फक्त वरून हुकूम येत नाही. म्हणूनच एरवी स्पायनलनंतर (पाठीतल्या भुलीनंतर) मेफेंटरमिन छान चालतं: हुकमाची वाट न बघता ते धान्य बाहेर काढतं. आमच्या रुग्णात ते चाललं नाही, याचा अर्थ हुकूमही बंद होता आणि कणगीही रिकामी होती.

रिकामी कणगी म्हटल्यावर पदव्युत्तर परीक्षेला पाठ केलेला एकच शब्द आठवतो, रिसर्पिन, रक्तदाबाचं जुनं औषध. पण आजकाल रिसर्पिनची गोळी लिहून देतं कोण?

चूर्ण

संध्याकाळी वॉर्डात काकांच्या पत्नीशी बोलले. या वेळी गोळ्यांबद्दल विचारलंच नाही. "काकी, सकाळपासून रात्रीपर्यंत काकांच्या पोटात काय काय जातं ते सगळं सांगा." पेज, भाजी, चहा, दुपारी नुस्तें (मासळी). मग रात्री झोपताना दुधातून अर्धा चमचा चूर्ण, आणि सकाळी तेवढंच पाण्यातून. "हे औषध मला सांगितलं नाहीत?" त्या गोंधळल्या. "तें वखद न्हय, दोतोर. कुळागरांतलें मूळ तें."

त्यांच्या दृष्टीने औषध म्हणजे दुकानातून आणलेली, डॉक्टरने लिहिलेली वस्तू. सत्तरी तालुक्यातल्या एका नातेवाइकाच्या कुळागरात, म्हणजे बागायतीत, पोफळींच्या सावलीत वाढलेलं झुडूप, त्याचं वाळवून कुटलेलं मूळ, ते घरचंच. झोप लागते, डोकं शांत राहतं, बीपी उतरतं, असं सांगून दिलेलं. सात महिने एकही दिवस न चुकता घेतलेलं, आणि शस्त्रक्रियेच्या आदल्या रात्रीही.

दुसऱ्या दिवशी मुलाने चुर्णाचा डबा, एक अख्खं मूळ आणि झुडपाची फांदी आणून दिली. मूळ वेडंवाकडं, मातकट, फारशा फांद्या न फुटलेलं, जिभेला अतिशय कडू. फांदीवर एकेका पेऱ्याला तीन-तीन पानं, पांढरट गुलाबी फुलं, त्यांचे देठ लालभडक. वनस्पतिशास्त्र शिकवणाऱ्या एका ओळखीच्या प्राध्यापकांना दाखवलं. त्यांनी पाहताच सांगितलं, सर्पगंधा, राउव्होल्फिया सर्पेन्टिना. कोकणात काही ठिकाणी हिलाच अडकई म्हणतात. फांदी बघणं गरजेचं होतं, कारण हिची बहीण राउव्होल्फिया टेट्राफिला रस्त्याकडेलाही उगवते आणि मुळं कुटल्यावर दोघींत फरक करणं कठीण. टेट्राफिलाच्या पेऱ्याला चार पानं असतात, लहान-मोठी. तिच्यात राउव्होल्सिन हे अल्फा-२ रिसेप्टर अडवणारं अल्कलॉइड (वनस्पतीतलं औषधी रसायन) असतं, त्यामुळे तिची गोष्ट निराळी झाली असती.

चुर्णाची रासायनिक तपासणी आम्ही केली नाही, तशी सोय नव्हती. अंदाज मात्र बांधता येतो. सर्पगंधेच्या मुळात एकूण अल्कलॉइड साधारण एक ते दोन टक्के असतात आणि त्यातलं रिसर्पिन मुळाच्या वजनाच्या एक-दशांश टक्क्याच्या आसपास किंवा त्याहून कमी. दिवसाला दोन ग्रॅमच्या आगेमागे चूर्ण धरलं, आणि मूळ अर्ध्या कसाचं मानलं, तरी रोज एक मिलिग्रॅम होतं. रक्तदाबासाठी रिसर्पिनची रोजची मात्रा ०.१ ते ०.२५ मिलिग्रॅम असायची. "झाडपाल्याचं सौम्य असतं" असं ज्याला त्याला सांगणाऱ्यांनी हा हिशोब एकदा करून बघावा.

रिकामी कणगी, हळवी वाहिनी

रिसर्पिन रक्तवाहिनीवरच्या रिसेप्टरला हातही लावत नाही. ते काम करतं तंतूच्या टोकात. नॉरअ‍ॅड्रेनलिन पुटिकेत भरणारं एक वाहक प्रथिन असतं, त्याला व्हीमॅट म्हणतात. रिसर्पिन त्याला असं घट्ट धरतं की ते पुन्हा सुटतच नाही म्हटलं तरी चालेल. भरणं थांबलं की पुटिकेबाहेर पडून राहिलेलं नॉरअ‍ॅड्रेनलिन मोनोअमाइन ऑक्सिडेज हे विकर नासवून टाकतं. साठा आटतो. तंतू जिवंत, संदेश येतो, पण पाठवायला माल नाही. मेंदूतही हेच वाहक आहे आणि तिथे डोपामिन व सेरोटोनिनचे साठेही आटतात. मन मावळतं ते त्यामुळे. नाकाच्या आतल्या रक्तवाहिन्या आकसायच्या थांबतात, फुगतात, नाक चोंदतं. हृदयाला वेग देणारा हात सैल पडतो, नाडी मंदावते. सुनेचं वाक्य, काकांचा आवाज आणि माझ्या कागदावरचा ५६ हा आकडा, तिन्हींचं मूळ एकच.

१९५८ साली जे. एच. बर्न आणि मायकेल रँड या औषधशास्त्रज्ञांनी रिसर्पिन दिलेल्या प्राण्यांवर जे पाहिलं, ते माझ्या भुलीच्या कागदाशी इतकं जुळतं की तो निबंध पुन्हा वाचताना मी स्तब्ध झाले. टायरामिन दिलं तर दाब चढेना. नॉरअ‍ॅड्रेनलिन दिलं तर नेहमीपेक्षा जास्त चढे. आणि शिरेतून काही वेळ नॉरअ‍ॅड्रेनलिन सोडून मग टायरामिन दिलं, तर त्याचा गेलेला गुण परत येई. कणगीत थोडं धान्य पडलं की ढकलणाऱ्याला पुन्हा काम मिळतं. काही औषधं थेट रिसेप्टरवर बसतात आणि काही साठ्यातून बोलतात, ही वाटणी आज विद्यार्थ्याला एका ओळीत सांगता येते ती अशा प्रयोगांमुळे.

मेफेंटरमिन का फसलं ते एवढ्याने कळतं. १०० मायक्रोग्रॅम फिनाइलएफ्रिनने दाब दोनशेला का टेकला, ते नाही. रिकामा साठा म्हणजे तंतूकडून कमी संदेश. थेट रिसेप्टरवर बसणाऱ्या औषधाचा परिणाम त्याने फार तर जसाच्या तसा राहायला हवा. तो वाढतो, कारण वाहिनी या शांततेची सवय करून घेते.

शरीरक्रियाशास्त्रज्ञ वॉल्टर कॅनन यांनी १९३९ साली हे नियमाच्या रूपात मांडलं: ज्या अवयवाचा मज्जातंतू तुटतो, तो अवयव त्या तंतूच्या रसायनाला अधिकाधिक हळवा होत जातो. रिसर्पिन तंतू तोडत नाही, पण स्नायूच्या दृष्टीने निकाल सारखाच. समोरून आवाज येईनासा झाला की माणूस कान टवकारतो, तशी पेशी बारीकशा चाहुलीलाही उठते. हे घडतं कसं, याचं घाईचं उत्तर "रिसेप्टर वाढतात" असं दिलं जातं. हृदयात बीटा रिसेप्टर वाढल्याचं प्रयोगांत दिसलेलं आहे. पण अनैच्छिक स्नायूंवरच्या अभ्यासांत आणखी एक गोष्ट वारंवार पुढे आली: रिसेप्टरांची संख्या तीच असली तरी पेशीचं पटल थोडं चढल्या विद्युतदाबावर येऊन थांबतं, सोडियम पंप मंदावतो, आणि आकसण्याच्या उंबरठ्यापर्यंतचं अंतर कमी होतं. याचा पुरावा असा की ती पेशी फक्त नॉरअ‍ॅड्रेनलिनला हळवी होत नाही. पोटॅशियम, सेरोटोनिन यांसारख्या अगदी वेगळ्या दाराने येणाऱ्या उत्तेजनालाही ती जास्त प्रतिसाद देते. दारं वाढली असती तर एकाच पाहुण्याची सोय झाली असती. इथे सगळं घरच जागं आहे.

मला स्वतःला हा भाग फार मोलाचा वाटतो. औषधाने रिसेप्टरवर काय केलं, असा आपण विचार करतो. इथे औषध रिसेप्टरपाशी गेलंच नाही, तरी रिसेप्टरचा प्रतिसाद बदलला, कारण त्याच्याशी बोलणारा गप्प झाला.

या दोन्ही गोष्टींचे काळ वेगळे आहेत. साठा तास-दिवसांत आटतो. हळवेपणा यायला दिवस-आठवडे लागतात. एखाद्याने आठवडाभर मूळ खाल्लं असेल तर त्याच्यात मेफेंटरमिन फसलेलं दिसेल, पण फिनाइलएफ्रिनचा उसळता प्रतिसाद कदाचित दिसणार नाही. सात महिन्यांत दोन्हींना भरपूर अवधी मिळाला होता. थेंबाचंही तेच. झायलोमेटाझोलिन थेट अल्फा रिसेप्टरवर बसतं, म्हणून एका थेंबात रात्र निघत होती. स्पायनल देण्याच्या दोन दिवस आधीच त्यांच्या नाकाने मला उत्तर दिलं होतं.

शंका

एका रुग्णावरून सिद्धांत मांडता येत नाही, म्हणून माझ्या मांडणीतल्या कच्च्या जागा सांगते.

सगळ्यात मोठी जागा अ‍ॅट्रोपिनची. दाब एकदम चढला की शरीर नाडी मंद करून तो आवरतं. मी आधी अ‍ॅट्रोपिन देऊन हा लगामच ढिला केला होता. तेव्हा १९८ या आकड्यात अ‍ॅट्रोपिनचा वाटा नक्की आहे, किती ते वेगळं काढता येणार नाही. मेफेंटरमिनचे तीन डोस फसले, त्याचं उत्तर मात्र अ‍ॅट्रोपिनकडे नाही.

अम्लोडिपिन? ते कॅल्शियमची वाट अडवतं. त्याने फिनाइलएफ्रिनचा परिणाम दबला असता, उसळला नसता. भूल जास्त चढली म्हणून दाब पडला असेल, हे मान्य. पण त्याने मेफेंटरमिन निकामी होत नाही. शरीरात पाणी कमी असेल म्हणावं तर दीड लिटर सलाइन गेलं होतं आणि नंतर लघवी व्यवस्थित झाली. अँप्युलचं म्हणाल तर दोन वेगवेगळ्या बॅचच्या होत्या, आणि त्यातल्या एकीने त्याच दिवशी पुढच्या रुग्णाचा दाब चढवला.

आणखी एक गुंता खुद्द मुळाचा. ते नुसतं रिसर्पिन नव्हे. त्यात अजमॅलिसिन आहे, ते अल्फा-१ रिसेप्टर थोडंफार अडवतं. अजमॅलिन आहे, ते हृदयाच्या सोडियम वाहिन्यांवर काम करतं. सलिमुझ्झमान सिद्दिकी यांनी १९३१ मध्ये ते वेगळं काढलं आणि हकीम अजमल खान यांचं नाव त्याला दिलं. अजमॅलिसिनचं बळ मोठं असतं तर फिनाइलएफ्रिन फिकं पडलं असतं. तसं झालं नाही, म्हणजे या चुर्णात रिसर्पिनचंच पारडं जड होतं, असं मी धरते.

हे आपल्याला माहीत होतं

या मुळाची ओळख आपल्याच भागात इतकी जुनी आहे, की त्याचा विसर जास्त खुपतो. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात छापलेल्या आपल्या औषधींवरच्या संवादग्रंथात सर्पविषावर देतात त्या मुळांवर एक अख्खं प्रकरण लिहिलं. पणजीत त्याच्या नावाची बाग आहे, आम्ही तिच्या कठड्यावर बसून चहा प्यालो आहोत. १९३१ मध्ये गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी वेड आणि रक्तदाब या दोहोंवर सर्पगंधेचा उपयोग नोंदवला. १९४९ मध्ये मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांनी ५० रुग्णांवरचा अभ्यास ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापला आणि तिथून जगाचं लक्ष या मुळाकडे गेलं. १९५२ मध्ये बाझेलच्या सिबा कंपनीच्या प्रयोगशाळेत रिसर्पिन शुद्ध रूपात मिळालं. पुढची काही वर्षं ते घरोघरी होतं, आणि भूलतज्ज्ञ त्याला दबकून असत: शस्त्रक्रियेच्या दोन आठवडे आधी बंद करा, असा दंडक होता. साठच्या दशकात अधिक रुग्ण पाहिल्यावर तो ढिला झाला. भूल देणाऱ्याला ठाऊक असेल आणि तो औषधं त्या हिशोबाने निवडत असेल, तर चालू ठेवूनही निभतं, असं दिसलं. ठाऊक असेल तर.

आमच्या पिढीने रिसर्पिन फक्त पुस्तकात पाहिलं. लोकांच्या कुळागरातून ते कुठेच गेलं नव्हतं. जंगलातून मात्र चाललं आहे: मुळासाठी झाड उपटावंच लागतं, आणि हिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर साइट्स या वन्यजीव-वनस्पतींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या दुसऱ्या परिशिष्टाखाली निर्बंध आहेत.

पुढे

काकांना चूर्ण थांबवायला सांगितलं. का, ते बसून समजावलं. मूळ वाईट म्हणून नव्हे, तर किती जातंय ते कुणालाच माहीत नाही म्हणून, आणि मन मावळलं आहे म्हणून. ते ऐकताना काकी रडल्या. सात महिने त्यांना वाटत होतं की नवरा आपल्यावर रुसला आहे. मानसोपचारतज्ज्ञांनी काकांना एकदा तपासलं, औषध न देता नजर ठेवायचं ठरवलं. चूर्ण गेल्यावर रक्तदाब वाढणार हे धरून फिजिशियनने आठवड्याआड बोलावलं.

नाक तिसऱ्या आठवड्यात मोकळं झालं. तंतूंना नव्या पुटिका घडवून टोकापर्यंत पोचवायला एवढा वेळ लागतोच. नाडी ७० च्या घरात आली. दाब १५८/९२ वर गेला तेव्हा अम्लोडिपिन दहा मिलिग्रॅम केलं, पुढे टेल्मिसार्टन या रक्तदाबाच्याच दुसऱ्या गोळीची जोड दिली. चवथीला आरतीत मोठ्याने म्हणत होते, असं सुनेने फोनवर सांगितलं.

फेब्रुवारीत, शिगम्याच्या आधी, डावीकडच्या हर्नियासाठी ते परत आले. आदल्या दिवशी मी विचारलेल्या प्रश्नांत गोळी, चूर्ण, काढा, मूळ, नाकातले थेंब, कुणी नात्यातल्याने दिलेलं काहीही, सगळं होतं. काकांनी हात जोडले, "आता नुसता चहा." टेल्मिसार्टन आदल्या दिवसापासून बंद ठेवलं. त्याच जागेतून, तेवढंच बुपिव्हाकेन. भूल जवळपास मागच्याच उंचीला थांबली. पाचव्या मिनिटाला दाब ८८/५०, नाडी ६४. मुद्दाम तेच औषध घेतलं, मेफेंटरमिन ६ मिलिग्रॅम. दुसऱ्या मिनिटाला ११८/६८. पुन्हा काही द्यावं लागलं नाही.

फिनाइलएफ्रिनची सिरिंज मी आधीच भरून ट्रेमध्ये ठेवली होती, मिलिलिटरला २० मायक्रोग्रॅम इतकी पातळ करून. शस्त्रक्रिया संपल्यावर ती तशीच टाकून दिली.